खोलीचं भाडं भरलं, मग हे पैसे कसले? परदेशातला मुक्काम कर ओळखायचा, मोजायचा आणि भरायचा कसा

रोममध्ये तीन तारांकित हॉटेलात चार रात्री राहायचं आहे. नवरा-बायको, बारा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. खोलीचे पैसे महिन्यापूर्वीच कार्डावरून गेलेत. काउंटरवरचा माणूस पासपोर्ट परत देतो आणि सहज म्हणतो, "शहराच्या कराचे ७२ युरो द्या."

इथे पहिल्यांदा जाणाऱ्याचा चेहरा पडतो. आपल्याला परकं बघून लुटतायत, असं वाटतं. पण हिशेब चोख आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून रोममध्ये तीन तारांकित हॉटेलचा दर माणशी रात्रीला ६ युरो आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना कर नाही, म्हणून धाकटा मोजलेलाच नाही. तीन माणसं, चार रात्री, ६ युरो. हा पैसा हॉटेलचा नसतो. हॉटेल तो गोळा करून महापालिकेकडे भरतं, एवढंच त्याचं काम.

याला दर ठिकाणी वेगळं नाव आहे. इटलीत 'इम्पोस्ता दी सोज्जोर्नो', फ्रान्समध्ये 'तॅक्स द सेजूर', जर्मनीत कुठे 'कूरटॅक्स' तर कुठे सरळ 'सिटी टॅक्स', अमेरिकेत 'ऑक्युपन्सी टॅक्स', स्कॉटलंडमध्ये 'व्हिजिटर लेव्ही'. मी या लेखात सगळ्यांना 'मुक्काम कर' म्हणणार आहे. कल्पना जुनीच आहे. फ्रान्समध्ये १९१० सालच्या कायद्याने हवापाण्याच्या गावांना असा कर घेण्याची मुभा मिळाली. पाहुणा गावातला रस्ता वापरतो, पाणी वापरतो, कचरा करतो, पण घरपट्टी भरत नाही. तेव्हा झोपेल त्या रात्रीचे चार पैसे त्याच्याकडून घ्यावेत, असा त्यामागचा विचार. तो पटो न पटो, पैसे द्यावेच लागतात. म्हणून वाद घालण्यापेक्षा आधी मोजून ठेवणं शहाणपणाचं.

पायरी १ : कोणाच्या हद्दीत झोपणार ते बघा

कर शहराचा असतो, देशाचा क्वचित. त्यामुळे 'इटलीत किती कर आहे?' या प्रश्नाला उत्तरच नाही. रोमचा वेगळा, फ्लोरेन्सचा वेगळा, शेजारच्या गावात कदाचित नसेलही. विमानतळाजवळची स्वस्त खोली पुष्कळदा दुसऱ्याच नगरपालिकेत असते, तेव्हा दरही दुसराच. पत्त्यातलं गावाचं नाव वाचा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं शहराचं नाव धरून चालू नका.

शिवाय एकाच रात्रीवर दोन-तीन सरकारं हात ठेवून असतात. पॅरिसचं उदाहरण बघण्यासारखं आहे. २०२४ साली तीन तारांकित हॉटेलवर शहराचा मूळ कर होता माणशी १.६० युरो. त्यावर जिल्ह्याचे १० टक्के, राजधानीच्या नव्या मेट्रोमार्गांसाठी १५ टक्के, आणि त्या वर्षापासून प्रादेशिक वाहतुकीसाठी तब्बल २०० टक्के. झाले ५.२० युरो. म्हणजे तुम्ही ज्याला 'पॅरिसचा कर' म्हणता त्यातले निम्म्याहून जास्त पैसे बस-रेल्वेला जातात. बार्सिलोनातही कॅटलोनिया प्रांताचा कर एक आणि त्यावर शहराचा अधिभार दुसरा. ऑक्टोबर २०२४ पासून हा अधिभार माणशी रात्रीला ४ युरो झाला. इंटरनेटवर शोधताना यातला एकच आकडा सापडतो आणि बिल त्याच्या दीडपट-दुप्पट येतं, ते यामुळे.

दर शोधायचा तर महापालिकेच्या किंवा शहराच्या पर्यटन कार्यालयाच्या संकेतस्थळावर. प्रवासवर्णनांत लिहिलेले दर मी वाचतो, पण धरत नाही. दोन वर्षांत ते शिळे होतात.

पायरी २ : कर कशावर मोजतात ते समजून घ्या

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

सर्वांत सोपी पद्धत डोक्यामागे. जितकी माणसं, जितक्या रात्री, तितक्या पट. लिस्बनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून माणशी रात्रीला ४ युरो. प्रागमध्ये २०२२ पासून ५० कोरुना. रोम आणि पॅरिसमध्ये डोकी मोजतातच, पण हॉटेलला तारे जितके जास्त तितका माणशी दरही चढा. रोममध्ये तीन ताऱ्यांना ६ युरो, तर पाच ताऱ्यांना १०. या पद्धतीत स्वस्त जागेत राहणारी मोठी कुटुंबं भरडली जातात. एका साध्या खोलीत पाचजण दाटीवाटीने राहून भाडं वाचवाल, पण कर पाचांचा भराल.

दुसरी पद्धत खोलीमागे. आत एक झोपो की तीन, रक्कम तीच. मँचेस्टरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून खोलीमागे रात्रीला १ पौंड घेतात. गंमत म्हणजे तिथला हा आकार महापालिकेने लावलेला नाही. तेव्हा इंग्लंडमधल्या नगरपालिकांना असा कर लावायचा अधिकारच नव्हता, म्हणून शहरातल्या हॉटेलांनीच एकत्र येऊन मतदानाने तो स्वतःवर लावून घेतला. दुबईत 'टुरिझम दिरहम' नावाचा आकार आहे. हॉटेलच्या दर्जाप्रमाणे खोलीमागे रात्रीला ७ ते २० दिरहम.

तिसरी पद्धत टक्केवारी. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून १२.५ टक्के, बर्लिनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून ७.५ टक्के. इथे 'किती टक्के' याच्याइतकाच 'कशाचे टक्के' हा प्रश्न महत्त्वाचा. ॲमस्टरडॅममध्ये व्हॅट वगळून जे भाडं उरतं त्यावर टक्के लावतात. व्हॅट वगळून रात्रीचं भाडं २०० युरो असेल, तर कर २५ युरो. पाच रात्रींचे १२५ होतात. त्यात एखादा संग्रहालयाचा दिवस सहज निघाला असता. भाड्याने घेतलेल्या घराचं सफाई शुल्क हा आणखी एक छुपा रुस्तुम. अमेरिकेतल्या अनेक शहरांत ते भाड्याचाच भाग धरतात आणि त्यावरही टक्के लागतात.

मिश्र पद्धतही असते. न्यूयॉर्क शहरात हॉटेलच्या खोलीवर विक्रीकर आणि शहराचा खोली कर मिळून १४.७५ टक्के, आणि शिवाय खोलीमागे रात्रीला साडेतीन डॉलर. समजा खोली २०० डॉलरची आणि तीन रात्री. भाडं ६००, टक्क्यांचे ८८.५०, खोलीचे १०.५०. एकूण ६९९ डॉलर. पडद्यावर '२००' बघून मनात ६०० धरलेला माणूस ९९ डॉलरने चुकला.

क्योटोची पायऱ्यांची पद्धत मात्र वहीपेन घेऊनच समजून घ्यावी. १ मार्च २०२६ पासून तिथे माणशी रात्रीचं भाडं ६,००० येनच्या आत असेल तर २०० येन, ६,००० ते १९,९९९ असेल तर ४००, २०,००० ते ४९,९९९ ला १,०००, ५०,००० ते ९९,९९९ ला ४,०००, आणि एक लाख येनपासून पुढे १०,०००. सगळी मेख 'माणशी' या शब्दात आहे. दोघांची खोली ३०,००० येनची असेल तर माणशी भाडं १५,०००. म्हणजे दर ४०० चा आणि दोघांचे मिळून ८००. खोलीचं भाडं धरून १,००० च्या पायरीवर उडी मारायची नाही. त्यातही जेवण आणि उपभोग कर वगळूनच भाडं मोजतात, त्यामुळे दोन वेळच्या जेवणासकट घेतलेली खोली दिसते त्यापेक्षा खालच्या पायरीवर बसू शकते. जपानात गरम पाण्याच्या झऱ्याच्या सरायीत राहिलात, तर साधारण १५० येनांचा स्नानकर निराळा. तो मुक्कामाचा नव्हे, पाण्यात उतरण्याचा.

मी स्वतः प्रवासाआधी वहीत एक ओळ लिहितो. आधी माणसं, खोल्या की टक्के, मग रात्री, मग दर, मग एकूण. मुक्काम बदलला की नवी ओळ. दोन मिनिटांचं काम आहे. ते केलं की काउंटरवर आकडा ऐकून भुवया वर जात नाहीत.

पायरी ३ : रात्री मोजा, आणि त्यांना मर्यादा आहे का ते विचारा

कर रात्रीचा असतो, दिवसाचा नसतो. शुक्रवारी दुपारी येऊन रविवारी सकाळी गेलात तर दोन रात्री. दिवस मोजून तीन सांगणारा कोणी भेटला तर हे लक्षात असू द्या.

पुष्कळ शहरं काही रात्रींनंतर कर थांबवतात. लिस्बनला आणि कॅटलोनियात सात रात्री, दुबईत टुरिझम दिरहम सलग तीस रात्री. एडिंबरामध्ये पहिल्या पाच. लिस्बनला दोघं बारा रात्री राहिले तर २४ गुणिले ४ नव्हे, १४ गुणिले ४. म्हणजे ९६ ऐवजी ५६ युरो. मात्र 'सलग' आणि 'एकाच जागी' हे शब्द नियमात आहेत का ते बघून घ्या. ते असतील तर मधेच हॉटेल बदललं की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

याहून वेगळी गोष्ट म्हणजे लांबचा मुक्काम. एका हद्दीनंतर तुम्ही पाहुणे राहतच नाही, राहणारे ठरता. प्रागमध्ये ही हद्द ६० दिवसांची आहे, कॅलिफोर्नियातल्या शहरांत सहसा ३० दिवसांची, न्यूयॉर्कमध्ये १८० दिवसांची. शिकायला किंवा कामाला जाऊन सुरुवातीचा महिना-दोन महिने हॉटेलात काढणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं. २८ रात्रींऐवजी ३१ रात्रींचं लेखी बुकिंग केलं की काही ठिकाणी सगळा करच टळतो.

पायरी ४ : आपल्याला सूट आहे का?

मुलांची सूट बहुतेक ठिकाणी असते, पण वय जागोजाग वेगळं. रोममध्ये दहाच्या आत, लिस्बनला तेराच्या आत, कॅटलोनियात सोळापर्यंत, फ्रान्स आणि प्रागमध्ये अठराच्या आत. बुकिंग करताना मुलांची वयं खरी आणि पूर्ण भरा. 'पाच प्रौढ' असं भरून मोकळं झालात तर यंत्र पाचांचा कर काढेल, आणि मग पंधरा वर्षांच्या मुलाचा पासपोर्ट दाखवून परतावा मागत बसाल.

कामासाठी फिरणाऱ्यांची कथा थोडी लांबची आहे. जर्मनीत २०१२ साली संघीय प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की कामानिमित्त राहणाऱ्यांवर असा कर लावता येणार नाही. त्यामुळे बर्लिनमध्ये वर्षानुवर्षं कंपनीचं पत्र दाखवलं की कर माफ व्हायचा. २०२२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो मुद्दा फिरवला आणि १ एप्रिल २०२४ पासून बर्लिनने कामाच्या मुक्कामावरही कर सुरू केला. जुन्या अनुभवावर विसंबून पत्र घेऊन गेलेले लोक अजूनही काउंटरवर हुज्जत घालताना दिसतात.

काही सवलती माणुसकीच्या आहेत आणि त्यांची कोणी जाहिरात करत नाही. इटलीतल्या अनेक शहरांत रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाच्या सोबतीला आलेल्यांना कर माफ असतो. क्योटोमध्ये शाळेच्या सहलीला आलेली मुलं आणि त्यांचे शिक्षक यांनाही माफ. पण यातलं काहीच आपोआप होत नाही. कागद लागतो, बहुधा एक अर्ज भरावा लागतो आणि तोही चेक-आउटच्या आधी. हॉटेलला तो कागद नोंदीसाठी हवा असतो, नाहीतर माफ केलेली रक्कम त्याच्याच खिशातून जाते. तेव्हा तो मागतोय म्हणून चिडू नका.

पायरी ५ : पैसे कोण घेणार आणि कधी

तीन शक्यता. बुकिंगच्या वेळीच संकेतस्थळ कर कापून घेतं, हॉटेल येताना घेतं, किंवा जाताना बिलात लावतं. घर भाड्याने देणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांनी अनेक शहरांशी करार करून कर स्वतः गोळा करायला सुरुवात केली आहे. पॅरिसमध्ये एअरबीएनबी हे १ ऑक्टोबर २०१५ पासून करतं. हॉटेलच्या बुकिंगमध्ये मात्र अजूनही 'जागेवर भरावा' हीच रीत सर्रास दिसते.

पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पानावर किमतीचा तपशील उघडा. लहान अक्षरांत एक ओळ असतेच. कर समाविष्ट आहे, किंवा नाही. त्या ओळीचा फोटो काढून ठेवा. ही सवय मला एका अनुभवाने लागली. एका घरमालकाने किल्ली देताना कराचे रोख पैसे मागितले. मी देणारही होतो. तेवढ्यात बायकोने फोनवर बुकिंगचं बिल उघडलं, तर तोच कर आधीच कापलेला. मालक हसला आणि म्हणाला, अरे हो, विसरलोच. खरंच विसरला असेल. पण तेव्हापासून बिलाचा फोटो फोनमध्ये वर ठेवतो.

अमेरिकेत १२ मे २०२५ पासून हॉटेलांना सक्तीची सगळी शुल्कं मिळवूनच जाहिरातीतली किंमत सांगावी लागते. आनंद व्हावा असाच नियम आहे, पण सरकारी कर त्यातून वगळायची मुभा आहे. कर पैसे भरायच्या आधी दाखवला की झालं. म्हणजे यादीतली किंमत जास्त खरी झाली, तरी शेवटची झालेली नाही.

पायरी ६ : कर कोणता आणि कराचं सोंग कोणतं

'रिसॉर्ट फी', 'डेस्टिनेशन फी', 'फॅसिलिटी चार्ज' हे सरकारचे पैसे नव्हेत. तरणतलाव, वायफाय, व्यायामशाळा अशा नावांखाली हॉटेल ते स्वतःसाठी घेतं. नाव सरकारी वाटावं असं मुद्दाम ठेवलेलं असतं, असा माझा संशय आहे. दुबईचं बिल वाचून सराव करावा. त्यात खोलीचं भाडं, १० टक्के सेवा आकार, ७ टक्के महापालिका शुल्क, ५ टक्के व्हॅट आणि टुरिझम दिरहम अशा ओळी दिसतात. यातला सेवा आकार हॉटेलचा, बाकीचं सरकारचं. फरक कळण्याचा उपयोग काय? सरकारी करात घासाघीस होत नाही. हॉटेलच्या शुल्कात होऊ शकते, विशेषतः तो तरणतलाव बंद असेल तर.

ओळखायची युक्ती साधी आहे. 'हे कोणत्या कायद्याखाली घेता आणि कोणाकडे भरता?' असं शांतपणे विचारा. खरा कर असेल तर बहुतेक हॉटेलांत काउंटरवरच दरपत्रक लावलेलं असतं, ते बोट दाखवतील.

पायरी ७ : भरा आणि पावती घ्या

इटलीतल्या लहान जागा कर रोख मागतात. मध्यरात्री पोचून खिशात फक्त मोठी नोट असेल तर तारांबळ उडते, म्हणून कराएवढे सुटे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा. रोख दिले की पावती हवीच. तिच्यावर माणसं, रात्री आणि दर लिहिलेले असावेत. पावती देत नसतील तर कार्डाने घ्या म्हणावं. दोन्हीला नकार आला, तर ते पैसे महापालिकेपर्यंत पोचणार नाहीत असं खुशाल समजा. कंपनीकडून खर्च परत घेणाऱ्यांना तर पावतीवाचून गत्यंतरच नाही, कारण हा कर पुष्कळदा भाड्याच्या बिलाबाहेर, वेगळ्या चिठ्ठीवर येतो.

पायरी ८ : तारखा

आज बुकिंग केलं म्हणून आजचा दर लागेल असं नाही. साधारणपणे राहण्याच्या रात्रीचा दर लागतो. एडिंबरात तर दोन्ही तारखा बघतात. २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामाला ५ टक्के, पण बुकिंग १ ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर केलेलं असेल तरच. टोरांटोने फुटबॉल विश्वचषकाच्या निमित्ताने ६ टक्क्यांचे ८.५ केले ते १ जून २०२५ ते ३१ जुलै २०२६ एवढ्याच मुदतीसाठी. मोठा सोहळा, नवीन वर्षाची सुरुवात, हंगामाची सुरुवात या तीन वेळी दर हलतात. तेव्हा जायच्या आठवडाभर आधी एकदा पुन्हा बघून घ्या.

व्हेनिसची गाठ

व्हेनिसबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण तिथे दोन वेगळे आकार आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. रात्री राहणाऱ्यांचा मुक्काम कर हा एक. दुसरा, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांचा प्रवेश आकार, जो २५ एप्रिल २०२४ ला सुरू झाला. पहिल्या वर्षी २९ दिवस, ५ युरो. २०२५ मध्ये ५४ दिवस, आणि निदान चार दिवस आधी नोंदणी केली तर ५, नाहीतर १०. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार. चौदा वर्षांखालच्यांना माफ.

व्हेनिसच्या हद्दीत रात्री राहणाऱ्याला प्रवेश आकार नाही, कारण तो मुक्काम कर भरतोच. तरीही आकार लागू असलेल्या दिवशी त्याला संकेतस्थळावर जाऊन सूट नोंदवावी लागते आणि क्यूआर कोड घ्यावा लागतो. पैसे द्यायचे नाहीत, पण द्यायचे नाहीत याचा पुरावा मात्र खिशात हवा! सरकारी कामाची ओळख असलेल्या कोणालाही हे समजायला जड जाऊ नये.

आणि कधीकधी दिलेल्या पैशांचं काहीतरी परतही मिळतं. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागात कूरटॅक्स भरणाऱ्या पाहुण्याला अनेक गावांत 'कोनुस' कार्ड मिळतं आणि त्यावर तिथल्या बस आणि लोकल रेल्वे फुकट असतात. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात हॉटेलच्या पाहुण्यांना मिळणाऱ्या कार्डावर शहरातली ट्राम-बस फुकट आणि संग्रहालयांचं तिकीट निम्म्यात. हे कार्ड काउंटरवर मागून घ्या. दोन दिवस ट्रामची तिकिटं काढून तिसऱ्या दिवशी कार्डाचा शोध लागणारे बरेच असतात.

तुम्ही पाहुणे नसून यजमान असाल तर

परदेशात राहता आणि रिकामी खोली प्रवाशांना द्यायचा विचार आहे? मग तुम्ही काउंटरच्या पलीकडच्या बाजूला आहात. पहिला पाहुणा घेण्याआधी नगरपालिकेत नोंदणी करा. युरोपीय संघात २०२४ च्या नियमानुसार २० मे २०२६ पासून, जिथे नोंदणीची पद्धत आहे तिथे संकेतस्थळांना नोंदणी क्रमांक दाखवावा लागतो आणि मुक्कामांची माहिती प्रशासनाला द्यावी लागते. लपूनछपून चालवायचे दिवस तिथे संपत आलेत. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमानाची नोंदणी सक्तीची केली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून २८ दिवसांपेक्षा कमी मुक्कामावर ७.५ टक्के आकार आहे. तो हॉटेलांना लागत नाही, भाड्याने दिलेल्या घरांनाच लागतो. तुम्ही स्वतः राहता ते मुख्य घर मात्र त्यातून सुटलंय.

नंतरचं काम रोजच्या शिस्तीचं आहे. प्रत्येक मुक्कामाची माणसं, रात्री, सूट घेतलेल्यांची वयं, दर आणि रक्कम एका वहीत लिहा. संकेतस्थळ कर गोळा करतं म्हणजे सगळेच कर गोळा करतं असं नाही. शहराचा करत असेल, जिल्ह्याचा तुमच्यावर सोडला असेल. करारात नेमकी नावं वाचा. कराचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, ते तुमचे नव्हेत. आणि ज्या महिन्यात एकही पाहुणा आला नाही, त्या महिन्याचंही विवरणपत्र अनेक नगरपालिकांना हवं असतं. रकमेच्या रकान्यात शून्य लिहून ते वेळेवर पाठवून द्या. दंड बहुधा या शून्याच्याच विसरण्यावर होतो.